अनामत म्हणजे दंड नव्हे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, आरे-वारेच्या आसपास, घरगुती राहण्याची सोय आता जागोजागी मिळते. कोणी राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, कोणी नोकरीसाठी मुंबईत असल्यामुळे गावचे बंद घर भाड्याने लावतो. सुट्टीच्या दिवसांत पुणे, कोल्हापूर, मुंबईची कुटुंबे येतात. फोनवर बोलणे होते, यूपीआयने पैसे जातात. व्यवहार लहान असतो, पण त्यात वाद झालाच तर बहुधा अनामत रकमेवरून होतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या कार्यालयातील सहा जणांनी या भागात दोन रात्रींसाठी एक घर घेतले. मी रत्नागिरीचा, म्हणून चौकशी माझ्यामार्फत झाली. अनामत पाच हजार. लेखी अटी नाहीत, पावती नाही. मंडळी पुण्याला पोहोचल्यावर निरोप आला : गिझर बिघडला आहे, अडीच हजार कापले. गिझर किती वर्षांचा, बिघाड कसला, दुरुस्तीचे बिल कुठे, या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर मिळाले : "तुम्ही यायच्या आधी चालू होता."

मालक खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. त्याच्याजवळ पुरावा नव्हता, माझ्या मित्रांजवळही नव्हता. मात्र पैसे त्याच्या खात्यात होते. त्यामुळे तक्रारदारही तोच आणि न्यायाधीशही तोच.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार, करारात रक्कम ठरलेली असली तरी करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मिळते; ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. मौला बक्ष या ठेकेदाराचा खटला यासाठी आजही सांगितला जातो. १९४७ मध्ये त्यांनी लष्करी मुख्यालयाला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचे करार केले आणि एकूण १८,५०० रुपये अनामत ठेवली. पुरवठा नीट झाला नाही. सरकारने करार रद्द केले आणि अनामत जप्त केली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत देण्याचा आदेश दिला. करार ठेकेदाराकडून मोडला होता, यात वाद नव्हता. पण तोच माल बाहेरून कोणत्या भावाने घ्यावा लागला, हे सरकारला दाखवता आले असते आणि त्याने ते दाखवले नाही. भारत सरकारला जे बंधन लागू होते, ते दोन खोल्यांच्या होमस्टेलाही लागू व्हायला हवे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ तर आणखी स्पष्ट आहे. त्यातील 'अनुचित करारा'च्या व्याख्येत पहिलेच उदाहरण उघडपणे अवाजवी अनामतीचे आहे आणि दुसरे, नुकसानीशी प्रमाण न राखणाऱ्या दंडाचे. अशा करारांविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तरीही अडीच हजारांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? म्हणून वाद होण्याआधीची व्यवस्था महत्त्वाची.

मालकाची बाजूही खरी आहे. पाहुणे काच फोडून पहाटे निघून जातात, एसी चालू ठेवून दिवसभर समुद्रावर राहतात, चादरीचे डाग जात नाहीत. दोन खोल्यांवर घरखर्च चालवणाऱ्या कुटुंबाची एका बिघाडात आठवड्याची कमाई जाते. मोडतोडीची भरपाई त्यांना मिळालीच पाहिजे. पण झीज वेगळी आणि मोडतोड वेगळी. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतेच. कोकणच्या किनाऱ्यावर पंखा, कडीकोयंडा, एसीचे बाहेरचे यंत्र यांचे आयुष्य कमी असते. समुद्राने केलेली झीज शेवटच्या पाहुण्याच्या नावावर टाकता येणार नाही. आणि वस्तू खरोखर पाहुण्याकडून मोडली, तरी पाच वर्षे वापरलेल्या गिझरबद्दल नव्या गिझरची किंमत मागणे ही भरपाई नव्हे.

लेखी नियम नसला की आणखी एक गोष्ट घडते. अनामत किती घ्यायची हे समोरचा माणूस पाहून ठरते : आडनाव काय, सोबत कुटुंब आहे की नुसती मुले. एकाला दोन हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला "खोली नाही". सर्वांना सारखी, आधी जाहीर केलेली रक्कम हाच यावरचा साधा उपाय आहे.

सॉफ्टवेअरच्या कामात बिघाड झाला की आम्ही आधी नोंदी पाहतो : बिघाडापूर्वी स्थिती काय होती, नंतर काय बदलले. इथेही तेवढेच पुरे. किल्ली देताना आणि परत घेताना दोघांनी मिळून घराचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा आणि लगेच एकमेकांना पाठवावा. महाग वस्तूंची यादी त्यांच्या खरेदीच्या वर्षासह भिंतीवर लावावी. अनामत किती आणि किती दिवसांत परत, हे बुकिंगआधी लिहून द्यावे. कपात करायची तर फोटो आणि दुरुस्तीचे बिल द्यावे. ते नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. एअरबीएनबीसारखी कंपनीही यजमानाला नुकसानीच्या दाव्यासाठी मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांची मुदत घालते आणि पुरावा मागते. आपल्या गावातला व्यवहार तर तीन दिवसांत मिटू शकतो.

आरे-वारे परिसरातील होमस्टेचालकांनी एकत्र बसून असा एकपानी नमुना ठरवावा आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. तोवर वाचकांनी अनामत पाठवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : रक्कम किती, परत कधी, आणि कापली तर पुरावा कोणता. प्रामाणिक मालकाला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. उद्या पाहुणा भरपाई नाकारू लागला, तर हीच उत्तरे त्याच्याही उपयोगी पडतील.