इंटरसेप्शन कोणाच्या खात्यावर?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि त्याने आपल्या सहकाऱ्याकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने हवेतच झेलला की त्याला इंटरसेप्शन म्हणतात. हा चेंडू कशामुळे गेला याची चौकशी न करता त्याची नोंद फेकणाऱ्याच्याच नावावर करण्याची प्रथा या खेळात इतकी मुरली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्यालाच नवखे समजले जाते. क्वार्टरबॅकचा आत्मविश्वास अशा चुकीनंतर कसा टिकवावा, याविषयी प्रशिक्षकांच्या आणि क्रीडामानसशास्त्रज्ञांच्या तक्रारी सतत येत असतात. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ खेळाडूच्या मनात शोधले जाते, पण ते बऱ्याच अंशी धावपत्रकासारख्या या नोंदपत्रकात आहे, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही.

क्रिकेटमध्ये बाय आणि लेगबाय यांच्या धावा गोलंदाजाच्या खात्यावर चढत नाहीत, आणि बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेल्या धावा वेगळ्या काढून चेंडू टाकणाऱ्याच्या खऱ्या धावा निराळ्या मोजल्या जातात. अमेरिकन फुटबॉलने मात्र ही साधी काळजी घेतलेली नाही. रिसीव्हरच्या दोन्ही हातांवर आदळून उडालेला चेंडू, रिसीव्हरने ठरलेल्या मार्गाऐवजी भलताच मार्ग धरल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेला चेंडू, पूर्वार्धाच्या अखेरच्या सेकंदाला केवळ नशिबावर हवाला ठेवून पन्नास यार्ड भिरकावलेला चेंडू आणि बचावपटू समोर दिसत असूनही त्याच्याच दिशेने फेकलेला चेंडू, हे सारे एकाच रकान्यात, एकाच आकड्याने नोंदले जातात.

त्यावर कळस म्हणजे पासर रेटिंग. चेंडू फेकणाऱ्याच्या कामगिरीचे हे गुणांकन नॅशनल फुटबॉल लीगने १९७३ मध्ये स्वीकारले. त्यात पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण, प्रत्येक फेकीमागे मिळालेले यार्ड, टचडाऊनचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गुण मिळवून देणाऱ्या फेकींचे, प्रमाण आणि इंटरसेप्शनचे प्रमाण असे चार घटक असून कमाल गुण १५८.३ आहेत. ३० फेकींच्या सामन्यात एक इंटरसेप्शन झाले की साधारण १४ गुण वजा होतात, मग तो चेंडू रिसीव्हरच्या छातीवरून उडालेला असला तरी हिशेब बदलत नाही. सिॲटल संघाचा रसेल विल्सन १८ जानेवारी २०१५ रोजी ग्रीन बेविरुद्धच्या उपांत्य लढतीत २९ फेकींत ४ इंटरसेप्शन करून बसला आणि त्याचे रेटिंग ४४.३ आले. चारही चेंडू जर्मेन कर्स या एकाच रिसीव्हरकडे फेकलेले होते, आणि त्यांतला शेवटचा तर कर्सच्या हातांना लागूनच उडाला होता. सूत्राची गंमत अशी की इंटरसेप्शनचा घटक शून्याच्या खाली जाऊ शकत नसल्यामुळे तिसऱ्या चुकीलाच तो तळाला गेला होता आणि चौथ्या चुकीची या घटकात काहीच किंमत उरली नव्हती. हेच चार चेंडू नुसते जमिनीवर पडले असते तर तेच रेटिंग ८३.८ आले असते. ज्या आकड्याला हातावरून उडालेला चेंडू आणि आंधळी फेक यांतला फरक कळत नाही, आणि तिसऱ्या व चौथ्या चुकीतलाही कळत नाही, तो आकडा सामन्यानंतरच्या सोमवारच्या बैठकीत खेळाडूसमोर ठेवून त्याच्या मनोधैर्याची परीक्षा घेणारे प्रशिक्षक नेमके काय मोजत असतात, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्या सामन्यात चौथे इंटरसेप्शन झाले तेव्हा सुमारे पाच मिनिटे उरली होती आणि सिॲटल ७-१९ असा मागे होता. तरीही सामना जादा वेळेत गेला आणि विल्सनने ३५ यार्डांचा विजयी टचडाऊन पास फेकला, तोही कर्सकडेच. दोनच आठवड्यांनी अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून एक यार्डावर असताना, बचावपटू माल्कम बटलरने विल्सनचा चेंडू झेलला आणि विजेतेपद २४-२८ असे हातातून गेले. एवढे झाल्यावरही पुढच्या मोसमात विल्सनने ३४ टचडाऊन आणि केवळ ८ इंटरसेप्शन अशी कामगिरी करून लीगमध्ये रेटिंगचा पहिला क्रमांक पटकावला. त्याच्यासोबत दीर्घकाळ काम केलेले मानसिक प्रशिक्षक ट्रेव्हर मोआवाड ‘तटस्थ विचार’ या पद्धतीचा पुरस्कार करत. घडलेले नाकारायचे नाही, त्याला चांगले-वाईट म्हणायचे नाही, आता समोर काय करणे शक्य आहे एवढेच ठरवायचे, असा या पद्धतीचा गाभा आहे. मात्र तटस्थ राहायचे तर घडले काय हे आधी अचूक ठाऊक असावे लागते, आणि नेमके तिथेच एकरकानी नोंद दगा देते.

उलट टोकाचे उदाहरण बफेलो संघाच्या नेथन पीटरमनचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळायला उतरलेल्या या नवख्या क्वार्टरबॅकने लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध पूर्वार्धातच १४ फेकींत ५ इंटरसेप्शन दिले आणि मध्यंतरानंतर त्याला बसवण्यात आले. त्यातला पहिला चेंडू त्याच्याच सहकाऱ्याच्या हातांतून उडाला होता, ही गोष्ट आज कोणाच्या स्मरणात नाही. पाच हा आकडा मात्र त्याच्या नावाला कायमचा चिकटला.

इंटरसेप्शननंतर खेळाडूत जो बिघाड दिसतो तो फेकण्याच्या तंत्रात कमी आणि निर्णयाच्या वेळेत अधिक असतो. रिसीव्हर मोकळा झालेला दिसूनही ‘नक्की मोकळा आहे ना’ या शंकेने हात क्षणभर थांबतो, तेवढ्या वेळात बचावपटू पोहोचतो, आणि सावधपणाच नव्या चुकीला जन्म देतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेची, म्हणजे एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल या विश्वासाची, जी मांडणी केली तिच्यात प्रत्यक्ष यशाचा अनुभव हा सर्वांत बळकट आधार मानला आहे आणि दुसऱ्याने दिलेला धीर त्याहून दुबळा. तरीही साइडलाइनवर पाठीवर थाप मारून ‘विसरून जा’ म्हणणारे प्रशिक्षक उदंड आहेत, आणि त्यांतलेच पुष्कळ जण पुढच्या चालींत चेंडू फेकू न देता केवळ धावण्याच्या चाली पाठवतात. खेळाडूला त्यांचे शब्द ऐकू येतात, पण तो विश्वास ठेवतो तो चालींवर. पुढच्या ताब्यात एक-दोन आखूड, झटपट पास देऊन हात मोकळा करणे, आणि मग मुद्दाम त्याच रिसीव्हरकडे एक फेक ठेवणे, हे कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते. हेल्मेटमधील रेडिओवरून क्वार्टरबॅकशी बोलण्याची परवानगी लीगने १९९४ पासून दिली असली तरी चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरताच तो बंद होतो. तेव्हा उपदेशाला तिथे तसाही वाव नसतो.

‘विसरून जा’ या मंत्राचे समर्थक ब्रेट फार्व या क्वार्टरबॅकचे नाव घेतात. १९९१ मध्ये अटलांटाकडून त्याने चार पास फेकले, एकही पूर्ण झाला नाही आणि दोन इंटरसेप्ट झाले. पुढे ५०८ टचडाऊनसोबत ३३६ इंटरसेप्शनचा विक्रमही त्याच्याच नावावर लागला. त्याच्या बेफिकिरीचे कौतुक करताना हे सोईस्करपणे वगळले जाते की २००८ आणि २०१० या दोन्ही वर्षांच्या जानेवारीत त्याच्या संघाची अंतिम सामन्याची संधी त्याच्याच उशिराच्या इंटरसेप्शनने घालवली. जेमीस विन्स्टनने २०१९ मध्ये ३३ टचडाऊन आणि ३० इंटरसेप्शन केले तेव्हाही आत्मविश्वासाचा तुटवडा नव्हता, आणि मोसमानंतर त्याने डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली हे अधिक बोलके आहे. याउलट पेटन मॅनिंगने १९९८ च्या पदार्पणात २८ इंटरसेप्शन दिले, संघ १३ सामने हरला, पण त्याला बसवले गेले नाही. पुढच्या वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले. विसराळूपणा आणि धैर्य यांची गल्लत करणाऱ्यांनी या तीन कारकिर्दी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात.

हा विषय आता केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेटसोबतच फ्लॅग फुटबॉललाही मान्यता मिळाली. पाच-पाच खेळाडूंच्या या प्रकारात अंगावर धडक मारण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून खेळाडूला थांबवतात आणि आक्रमणाचा बहुतेक भार पासवरच असतो, म्हणून इंटरसेप्शनचा प्रश्न इथे अधिकच तीव्र होतो. जे प्रशिक्षक या खेळाकडे वळत आहेत त्यांनी निदान सदोष नोंदपत्रक तरी जसेच्या तसे उचलू नये. प्रत्येक इंटरसेप्शनसमोर कारणाचा रकाना ठेवावा, त्यात निर्णय चुकला, नेम चुकला, झेल सुटला, मार्ग चुकला की वेळ संपत असल्याने नाइलाजाने फेकला, याची नोंद सामन्याच्या संध्याकाळीच करावी, आणि ती एकट्या क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षकाने न करता रिसीव्हरांच्या प्रशिक्षकालाही शेजारी बसवून करावी, कारण झेल सुटला हे मान्य करायला तोच सर्वांत नाखूश असतो. निवड समित्यांनी नुसता आकडा मागितला तर हा रकानाही सोबत जोडून द्यावा, आणि तो नाकारला गेला तर लेखी कारण मागावे.