न पाहिलेले माहितीपट

आज ३ मे. १९१३ साली याच दिवशी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय चित्रपटाची जन्मतारीख ठरून गेली. दरवर्षी या दिवशी तारामती साकारणारे अण्णा साळुंके आठवतात, नवऱ्याच्या बरोबरीने राबलेल्या सरस्वतीबाई फाळके आठवतात. ती आठवण व्हायलाच हवी. मात्र या तारखेच्या कितीतरी आधी मराठी माणसाच्या हातात कॅमेरा आला होता आणि समोर घडत होते ते तो टिपून ठेवत होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताच्या गर्दीतही सावे दादांचा कॅमेरा होता. खुद्द फाळक्यांनी ‘हरिश्चंद्र’ला हात घालण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस, एकेक चौकट करत टिपली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. आपल्या चित्रपटाचा पहिला दगड माहितीपटाने बसवला आहे.

तरीही माहितीपटाकडे आपली पाठच राहिली. याला एक जुने कारण आहे. १९४८ मध्ये सरकारचे फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि पुढची अनेक दशके मुख्य चित्रपटाआधी त्यांचा वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवणे थिएटरांवर बंधनकारक होते. धरणे, उद्घाटने, हस्तांदोलने आणि त्यावर तो गंभीर निवेदकी आवाज. प्रेक्षक बाहेर चहा पीत थांबायला शिकले. त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये ‘आय अॅम ट्वेंटी’ केला, ज्यात स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुले देशाविषयी मोकळेपणाने, प्रसंगी बोचेल असे बोलतात. प्रमोद पतींनी चित्रभाषेचे धाडसी प्रयोग केले. पण सक्तीने वाढलेल्या ताटातले चांगले पक्वान्नही नकोसे होते, तसे या चित्रपटांचे झाले. आता मोबाइलवर डॉक्युमेंट्री भरपूर मिळते, पण ती बहुधा खुनाच्या तपासाची किंवा क्रिकेटपटूच्या कारकिर्दीची असते. आपल्या गावांची, आपल्या माणसांची चांगली चित्रे डब्यांत आणि महोत्सवांच्या यादीत पडून राहिली. त्यांतली काही आज नावानिशी सांगायला हवीत.

पहिले नाव ‘कमलाबाई’. १९१३ याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. ‘हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळाली नव्हती, या वेळी मायलेकी मिळाल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमला मोहिनी झाली. हीच पुढची कमलाबाई गोखले. लहानपणापासून रंगभूमीवर, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात मुलगे, आणि नाटक कंपन्यांच्या मागे फिरत केलेला संसार. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या रीना मोहन यांनी ही कमलाबाई तिच्या उतारवयात गाठली आणि १९९२ मध्ये हा पाऊण तासाचा माहितीपट पुरा केला.

त्यात सत्कार नाही, हारतुरे नाहीत. पुण्यातल्या घरात एक वृद्ध बाई आहे, शरीर थकलेले, जीभ मात्र धारदार. बोलता बोलता तिला जुन्या नाटकातले भाषण आठवते आणि आवाज एकदम बदलतो. क्षणापूर्वी उशीला टेकलेली बाई रंगमंचावर उभी राहिल्यासारखी दिसते. दिग्दर्शिकेला ती दटावते, तिच्या प्रश्नांना स्वतःला हवे तसे वळण देते. भारतीय चित्रपटातल्या पहिल्या स्त्री कलावंतांपैकी एक म्हणून तिची मूर्ती घडवावी, असे कुणालाही वाटले असते. रीना मोहन यांनी तसे होऊ दिले नाही, म्हणून समोर दिसते ते पोट भरण्यासाठी कामाला लागलेल्या आणि त्या कामाची कधीही लाज न बाळगलेल्या बाईचे आयुष्य. मराठी रंगभूमीच्या इतिहासावर आपल्याकडे ग्रंथांची कपाटे भरली आहेत. त्या इतिहासातली एक बाई स्वतःच्या तोंडाने हा इतिहास सांगते आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती ऐकलेलीच नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज पाहायला मिळतात, ती वाचली कशी हे समजून घ्यायचे तर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा २०१२ चा ‘सेल्युलॉइड मॅन’ पाहावा. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभे केले त्या पी. के. नायर यांचे हे चरित्र. नाशिकला फाळक्यांच्या घरी जाऊन त्यांनी जे हाती लागले ते आणले. हजाराहून अधिक मूकपट काढणाऱ्या या देशात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. नायर यांना कोणता प्रसंग कितव्या रिळात आहे हे तोंडपाठ असे. पण या चित्रपटातला आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग कर्नाटकातल्या हेग्गोडू गावाचा आहे. तिथे नायर यांनी जगभरचे अभिजात चित्रपट गावकऱ्यांना दाखवले आणि ते गावकरी कॅमेऱ्यासमोर त्याविषयी जाणतेपणाने बोलतात. ‘आपल्या लोकांना असले चालत नाही’ हे पालुपद ज्यांच्या तोंडी असते, त्यांनी हा भाग मुद्दाम बघावा.

तंबू सिनेमा पाहत वाढलेल्यांनी शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ चुकवू नये. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजमागे ही दोघे वर्षानुवर्षे फिरली. कुरकुरणारा ट्रक, गंजलेला प्रोजेक्टर, तंबूबाहेर ताटकळलेली माणसे, यंत्रे दुरुस्त करणारा अफलातून कारागीर आणि मग डिजिटल आल्यावर झालेली सगळ्यांची ताटातूट. २०१६ मध्ये कान महोत्सवात याची विशेष दखल घेतली गेली. ज्या जत्रांमध्ये तो चित्रित झाला, त्या गावांनी तो किती पाहिला असेल?

मुंबईकरांसाठी ‘साचा’. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ मध्ये केलेला. १९८२ च्या गिरणी संपानंतर जवळपास वीस वर्षे उलटली होती, गिरण्यांच्या काही चिमण्या अजून उभ्या होत्या. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन या दोघांच्या नजरेतून हा माहितीपट गिरणगाव दाखवतो. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेला कवी एकीकडे, दिवसा रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करून शहराची माणसे रंगवणारा चित्रकार दुसरीकडे. शब्द, रंग आणि यंत्रांचा खडखडाट एकमेकांत विणले जातात. आज तिथे मॉल आणि काचेचे मनोरे आहेत, त्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांना खालच्या जमिनीचा हा इतिहास शाळेने शिकवलेला नाही. याच जोडीचा ‘नाता’ हा १९९२-९३ च्या दंगलींनंतर धारावीत सलोख्यासाठी झटलेल्या भाऊ कोरडे आणि वकार खान यांच्या मैत्रीवरचा. तोही पाहावा. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) मणिबेलीसारख्या बुडणाऱ्या आदिवासी गावांत घेऊन जाते. सरदार सरोवर धरणाविषयी मत काहीही असो, जी गावे आपल्याच राज्यातून नाहीशी झाली, त्यांचे चेहरे एकदा तरी बघणे एवढे आपण देणे लागतो.

पाहायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. फिल्म्स डिव्हिजनचे अनेक जुने चित्रपट यूट्यूबवर फुकट आहेत, पटवर्धनांच्या चित्रपटांतलेही काही सापडतात. उरलेल्यांसाठी थोडी खटपट करावी लागते आणि ती एकट्यापेक्षा गटाने केलेली बरी. २०१२ मध्ये पटवर्धनांचा तीन तासांहून लांब ‘जय भीम कॉम्रेड’ भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला आणि माणसे दाटीवाटीने बसून तो पाहत राहिली. पडदा, प्रोजेक्टर आणि चटया एवढ्यावर हे काम होते. राज्यात हजारो सार्वजनिक वाचनालये आहेत, प्रत्येक महाविद्यालयात सभागृह आहे, प्रत्येक पेठेत गणेश मंडळ आहे.

येत्या गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राला सुट्टी द्या. दिग्दर्शकाला पत्र पाठवून रीतसर परवानगी मागा, वर्गणीतून मानधन द्या आणि मंडपात ‘कमलाबाई’ लावा. तो पाऊण तासात संपतो.