भाडेकऱ्याविना ग्रामसभा कोणाची?

ग्रामसभा भरत नाही. भरली तर गणपूर्ती होत नाही. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मूठभर माणसे गावाच्या नावाने ठराव करून मोकळी होतात. महाराष्ट्रात ही तक्रार आता जुनी झाली आहे. त्यावर उपाय काय सुचविले जातात? दवंडी पिटा, ध्वनिक्षेपक लावा, लोकजागृती करा! जणू सारा दोष जनतेच्या आळसाचाच. पुणे जिल्ह्यातील रांजणगावाकडे पाहिले म्हणजे या निदानाचा फोलपणा ध्यानात येतो.

अष्टविनायकांतील महागणपतीचे हे गाव आज औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. फियाट, एलजी, व्हर्लपूल यांचे कारखाने येथे उभे आहेत. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार आसपासच्या खोल्यांतून भाड्याने राहतात. परंतु 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतील व्यक्तींची सभा. ज्याचे नाव दूरच्या मूळ गावच्या यादीत आहे, तो येथे दहा वर्षे राबला तरी ग्रामसभेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. नळाचे पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती हे त्याचे रोजचे प्रश्न. निर्णय मात्र इतरांचे.

‘भाडेकरू कर भरत नाहीत, मग त्यांना हक्क कशाला?’ असे विचारले जाते. हा प्रश्न करभाराचा प्राथमिक सिद्धान्त विसरतो. घरपट्टीची पावती मालकाच्या नावाने फाटते. पण जेथे खोल्यांना मागणी मोठी असते, तेथे तिचा बोजा भाड्यातून भाडेकऱ्याच्याच खिशावर पडतो. शिवाय लोकशाहीत मत हे करपावतीच्या बदल्यात मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाहेरचे लोक गाव ताब्यात घेतील, ही भीती ज्यांच्या जमिनी वसाहतीत गेल्या त्यांना वाटते, आणि तिची टवाळी करणे आपणांस शोभत नाही. पण या फुटीचा लाभ कोणाला होतो? गावचा तरुण आणि परगावचा कामगार एकमेकांकडे संशयाने पाहतात, तोवर मजुरी पाडून मागणारा कंत्राटदार निर्धास्त असतो. दूषित पाणी कोणाच्या विहिरीत उतरावे, हे मतदारयादी पाहून ठरत नाही.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण आपण नेहमी देतो. अभ्यासगट, सर्वसहमतीचे निर्णय आणि 2009 मध्ये मिळविलेला सामूहिक वनहक्क ही त्या गावाची कमाई खरोखर मोठी आहे. परंतु ते जंगलाशी बांधलेले छोटे, एकजिनसी गाव आहे. रांजणगावात त्याची नक्कल चालणार नाही. येथे आधी सभासदत्वाचाच प्रश्न सोडवावा लागेल.

म्हणून साथींनो, कार्यक्रम स्पष्ट असू द्या. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सामान्यतः जेथे राहतो तेथे मतदार होण्याचा हक्क देतो, आणि विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची यादी तयार होते. तेव्हा खोल्याखोल्यांतून फिरून नमुना 8 भरून घ्या. घरमालक निवासाचा पुरावा देण्यास कचरतील. तेथे आपला कार्यकर्ता भाडेकऱ्याच्या पाठीशी उभा राहिला पाहिजे. सभेची वेळ पाळ्या पाहून ठरविण्याचा आग्रह धरा. ग्रामसभेपूर्वीची महिलासभा कागदावर उरू देऊ नका. पाण्याचा हिशेब तिच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो.  कारखान्यांशी करांऐवजी ठोक रकमेचा करार झाला असेल तर त्याचा आकडा सभेत वाचून दाखविण्याची मागणी करा.

डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव हा पहिला खांब होता. तो खांब उभा करावयाचा तर गावात राहणाऱ्या प्रत्येकाला तेथे उभे राहावयास जागा दिली पाहिजे. पुढील ग्रामसभेपूर्वी निदान एका वस्तीतील नावनोंदणी पुरी करून दाखवू या.