ध्रुवावर हिमाऐवजी पाऊस

ग्रीनलँडच्या हिमपठाराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, १४ ऑगस्ट २०२१ रोजी काही तास पाऊस पडला. त्या ठिकाणी पावसाची नोंद होण्याची ती पहिलीच वेळ होती. ही केवळ हवामानातील नवलाई नव्हे. उत्तर ध्रुवीय प्रदेशाचे जलचक्रच बदलू लागल्याची ती खूण आहे.

१९७९ पासून हा प्रदेश जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यातच समुद्रावरील बर्फाचे आवरण आक्रसल्याने उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वाढते. सप्टेंबर २०१२ मध्ये हे आवरण सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले होते. परिणामी पर्जन्यमान वाढते आणि त्यातील हिमाचा वाटा कमी होऊन पावसाचा वाढतो.

याची झळ प्रथम पोहोचते ती तेथील माणसांना. हिमावर पडलेला पाऊस गोठला की जमिनीवर टणक कवच तयार होते आणि खालचे दगडफूल रेनडियरला उकरून खाता येत नाही. रशियातील यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मधील अशा पावसानंतर सुमारे ६१ हजार रेनडियर उपासमारीने मेले. या कळपांवरच जगणाऱ्या नेनेट्स पशुपालकांचा संसार त्यामुळे उघड्यावर आला.

दुसरा परिणाम समुद्रात दिसतो. जगातील सागरी पाण्यापैकी जेमतेम एक टक्का आर्क्टिक महासागरात आहे. नद्यांचे मात्र सुमारे एक दशांश पाणी त्यात येते. ओब, येनिसेई, लेना यांसह युरेशियातील सहा मोठ्या नद्यांचा प्रवाह १९३६ ते १९९९ या काळात ७ टक्क्यांनी वाढला. वितळणाऱ्या ग्रीनलँडचे पाणी वेगळेच. गोडे पाणी हलके असल्याने पृष्ठभागावर तरंगते. उत्तर अटलांटिकमध्ये खारे, थंड पाणी तळाशी जाण्याच्या क्रियेत त्याने अडथळा आणला, तर उष्णता वाहून नेणारे सागरी अभिसरण मंदावू शकते. ते किती आणि केव्हा, याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दिशेबाबत फारसे नाहीत.

स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून कार्यरत असून, त्याची जबाबदारी गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. डिसेंबर २०२३ पासून तेथे हिवाळ्यातही संशोधन सुरू झाले. ते योग्यच झाले. कारण हिवाळ्यातील पाऊस हाच या बदलाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. हिम हा पाण्याचा साठा असतो. पाऊस लगेच वाहून जातो किंवा गोठून वाट अडवतो. ध्रुवाच्या जमाखर्चातील हा फरक ध्रुवापुरता राहणार नाही.