तांड्यावरच्या मुलांना इंग्रजी कळेल असे शिकवा : पोहरादेवी परिसरातील पालक-शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, वाशिम
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, वाशिम
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : पहिली ते पाचवीच्या वर्गांत इंग्रजीचे सुरुवातीचे व्याकरण व शब्दसंग्रह शिकवण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत.

महोदय,

२००० सालापासून राज्यातील शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. हा निर्णय योग्य होता असे आम्ही आजही मानतो. शहरातल्या मुलाला जे मिळते ते तांड्यावरच्या मुलालाही मिळाले पाहिजे, यात दुमत नाही. पण पंचवीस वर्षे उलटल्यावर आमच्या वर्गांत काय दिसते? चौथीतली मुलगी ‘एलिफंट’चे स्पेलिंग श्वास न घेता म्हणून दाखवते. तिलाच ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ असे विचारले की ती शेजारणीकडे पाहते. प्रश्नातला एकेक शब्द तिने वहीत दहादा लिहिलेला असतो, पण तो प्रश्न आपल्याला विचारला आहे हेच तिच्या ध्यानात येत नाही. तिच्या हुशारीत काही उणे नाही. तिला भाषा शिकवण्याऐवजी अक्षरे शिकवली गेली.

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून लोक येतात. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचे पोर त्या गर्दीत तेलंगणातल्या पोराशी गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेत, सहज बोलते. एकाची शाळा मराठी, दुसऱ्याची तेलुगू, तरी अडत नाही. एवढी भाषा घेऊन मूल पहिलीच्या वर्गात येते आणि तिथे तिचा एक शब्दही कामी येत नाही. आईला ‘याडी’ म्हणणारे मूल आधी मराठी शिकते आणि त्याच आठवड्यात ‘मदर’ही शिकते. शासनाच्या हिशेबात मराठी त्याची पहिली भाषा आणि इंग्रजी दुसरी. घरच्या हिशेबात मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय झाला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. तो लागू झाला असता तर सहा वर्षांच्या या मुलावर चार भाषांचा भार पडला असता. यापुढे भाषेचे कोणतेही धोरण ठरवताना हे मूल डोळ्यांसमोर ठेवावे, ही आमची पहिली विनंती.

राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथे मातृभाषा हेच माध्यम ठेवायला सांगते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी (म्हणजे गोरबोलीच) ही आपली भाषा असे सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक होते, पण त्यांची मोजणी हिंदीच्या गटात झाली. गोरबोलीला आठव्या अनुसूचीत स्थान नाही आणि स्वतंत्र लिपीही नाही. संपूर्ण शिक्षण गोरबोलीतून द्या असे आम्ही आज म्हणत नाही. इंग्रजी शिकवताना तिचा आधार घ्या, एवढेच मागतो.

आता मुद्द्याचे, म्हणजे व्याकरणाचे.

गोरबोलीत ‘मारो नाम सीता छ’, मराठीत ‘माझे नाव सीता आहे’, इंग्रजीत ‘माय नेम इज सीता’. पहिल्या दोन वाक्यांत क्रियापद शेवटी आहे, तिसऱ्यात ते मधे आले. ‘माय नेम सीता इज’ असे म्हणणारे मूल आपल्या घरच्या भाषेचा नियम इमानाने पाळत असते. शिक्षकाने ही तीन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत, ‘छ’, ‘आहे’ आणि ‘इज’ यांवर रंगीत खडूने गोल करावा आणि मुलांनाच विचारावे, काय हलले? दुसरीतली मुलेही बोट दाखवून सांगतात. त्यानंतर ‘व्हर्ब’ची व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरत नाही.

तसेच ‘झाडाखाली’चे. आपल्याकडे ‘खाली’ नामाच्या मागे लागते, इंग्रजीत ‘अंडर’ आधी येते. दप्तर, खडू आणि बाक एवढ्या साहित्यावर इन, ऑन, अंडर हे तीन शब्द आठवडाभरात पक्के होतात. अट एकच : मुलांनी वस्तू स्वतः हलवून वाक्य बोलले पाहिजे.

सर्वनामांत एक अडचण मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला येते, आणि पाठ्यपुस्तकाने ती उघडपणे हाताळायला हवी. मराठीत ‘ही’ म्हणजे मुलगी, इंग्रजीत ‘ही’ म्हणजे मुलगा. कान एक ऐकतो, पुस्तक दुसरे सांगते. त्यातच मराठीला तीन लिंगे आणि गोरबोलीला दोनच, म्हणून तांड्यावरचे मूल मराठीच्या नपुंसकलिंगाशी आधीच झगडत असते. अशा वेळी ही, शी, इट हा तक्ता पाठ करून घेणे म्हणजे गोंधळात भर. वर्गातल्या मुलामुलींकडे आणि दाराशी आलेल्या शेळीकडे बोट दाखवत रोज पाच मिनिटे हा सराव व्हावा, तोही वर्षभर.

म्हणून आमची मागणी अशी की पाचवीपर्यंत व्याकरणाचे मोजकेच विषय घ्यावेत : वाक्यातला शब्दांचा क्रम, ॲम-इज-आर, हॅव-हॅज, जागा दाखवणारे शब्द, एकवचन-अनेकवचन, सर्वनामे, चालू काळ आणि गोष्ट सांगण्यापुरता भूतकाळ. ए, ॲन, द यांचे नियम आणि शब्दांच्या जातींची नावे सहावीनंतर शिकवावीत. मराठीत ‘ए’ किंवा ‘द’साठी शब्दच नाही, त्यामुळे हे शब्द मुलाला नियमाने समजत नाहीत. वाक्ये पुष्कळ ऐकली की ते आपसूक जिभेवर बसतात.

मराठीच्या आधाराने इंग्रजी कच्चे राहते, असा आक्षेप काही पालक घेतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीच्याच आधाराने. दुसरीकडे नियम न सांगताही भाषा येते, हेही आपल्याच देशात पाहिले गेले आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत नकाशे आणि वेळापत्रके यांवरची छोटी कामे देऊन इंग्रजी शिकवले. व्याकरणाचा धडा वेगळा घेतला नाही. लहान वयात कामातून भाषा आणि फरक कळेनासा झाला की घरच्या भाषेत दोन वाक्ये, हा मेळ आम्हांला योग्य वाटतो.

शब्दसंग्रहाचेही पाहा. वर्णमालेच्या तक्त्यावर ‘आय’साठी इग्लू असतो आणि ‘वाय’साठी याक. हे दोन्ही आमच्या मुलांनी कधी पाहिले नाहीत. सोयाबीन, तूर, कापूस, शेळी, विहीर, चूल, कोयता, ट्रॅक्टर, आजी, पाऊस, ताप, दवाखाना हे त्यांचे जग आहे. पहिली-दुसरीचे शब्द त्यातून निवडावेत आणि शब्द सुटा न देता वाक्यात द्यावा. ‘गोट’ पाठ करण्यापेक्षा ‘द गोट इज ईटिंग’ हे वाक्य मुलाच्या जास्त उपयोगी पडते. आजूबाजूच्या वस्तू संपल्या की मग याक आणि इग्लूही जरूर यावेत. पुस्तकाने दूरचे जग दाखवायलाच हवे, पण तिथून सुरुवात करू नये.

पहिली दोन वर्षे इंग्रजी कानाने आणि तोंडानेच चालावे. या काळात स्पेलिंगची परीक्षा नको. ‘पेन’ आणि ‘पॅन’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळला नाही, त्याने दोन्ही शब्द अचूक लिहिले तरी त्याचा लाभ काय? चाचणीही तोंडी घ्यावी : सूचना ऐकून कृती करणे, चित्राबद्दल तीन वाक्ये बोलणे, एक प्रश्न विचारणे. प्रश्न विचारणे मुद्दाम लिहितो आहोत, कारण आमच्या मुलांना उत्तरे देण्याचीच सवय लावली जाते.

गोरबोली, मराठी आणि इंग्रजी अशी तीन भाषांची देवनागरीतील सेतुपुस्तिका जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तयार करावी. तिच्यासाठी तांड्यावरच्या जाणत्या बाया-माणसांना आणि बंजारा शिक्षकांना मानधन देऊन बोलवावे. आम्ही माणसे सुचवू. उच्चार तांड्यागणिक थोडे बदलतात, त्यामुळे पुस्तिका छापण्याआधी निदान पाच-सहा तांड्यांवर वाचून दाखवावी.

ऊसतोडीचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरे सोबत जातात. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक या सोयी आहेत, त्या टिकाव्यात आणि वाढाव्यात. पण भाषेचा विषय चार महिने तुटला की गणितापेक्षा लवकर विसरतो, कारण फडावर इंग्रजी कानावर पडत नाही. म्हणून वर्षाचा अभ्यासक्रम चार स्वतंत्र भागांत बांधावा. परतलेल्या मुलाला चुकलेला भाग पुन्हा घेता यावा आणि तोवर वर्गात चाललेला भागही त्याला समजावा. पालकांच्या मोबाइलवर ऐकता येतील अशा पाच-पाच मिनिटांच्या ध्वनिफिती द्याव्यात. रात्री कोपीवर आईबापांनीही त्या ऐकल्या तर उत्तमच.

शिक्षकांना दोष देणे आम्हांला मान्य नाही. आमच्यातले निम्मे शिक्षकच आहेत. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग आणि सारे विषय सांभाळणाऱ्याने स्वतः इंग्रजी बोलण्याचा सराव कधी करायचा? केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास फक्त इंग्रजी संभाषणाला द्यावा. त्या तासात परिपत्रके वाचू नयेत.

इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढा, अशी मागणी आम्ही करत नाही. कर्ज काढून मुलाला गाडीने दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवणारे पालक आमच्यातही आहेत. त्यांची धडपड आम्ही समजतो. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मूल पाचवीपर्यंत आपले नाव, गाव, घर, आजार, गरज इंग्रजीत सांगू लागले, तर तो खर्च करण्याची वेळच त्यांच्यावर येणार नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नगाऱ्याच्या आकाराची ही वास्तू पाहायला परराज्यांतून माणसे येतात. परिसरातल्या शाळांच्या चौथी-पाचवीच्या मुलांना वर्षातून एकदा तिथे न्यावे आणि पाहिलेल्या एका वस्तूबद्दल गोरबोलीत, मराठीत आणि इंग्रजीत चार-चार वाक्ये बोलायला लावावीत. याला वेगळा निधी लागत नाही, फक्त आदेश लागतो.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. सेतुपुस्तिका आणि तोंडी चाचणी या दोन मागण्यांवर त्याआधी लेखी उत्तर मिळावे. बाकीच्या मागण्यांसाठी आम्हांला चर्चेला बोलवावे. वर्गात बसून, मुलांसमोर ही चर्चा झाली तर आम्हांला अधिक आवडेल.

आपले,
पोहरादेवी व परिसरातील तांड्यांवरील पालक व शिक्षक
पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशिम