काळ, काम आणि वेग

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरच्या एका शासकीय शाळेत मी तेव्हा साधा शिक्षक होतो. गणिताचे गुरुजी रजेवर असल्याने नववीचा तास माझ्याकडे आला. मी मराठीचा एम. ए.; तरी काळ-काम-वेगाचे उदाहरण घालण्याइतके गणित अंगी होते. एक मजूर जी भिंत दहा दिवसांत बांधतो, ती दहा मजूर किती दिवसांत बांधतील? ‘एका दिवसात!’ वर्ग एकमुखाने उत्तरला. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, “सर, पाण्याचा नळ एकच असेल तर? बाकीचे नऊ जण रांगेतच उभे राहतील ना?” वर्ग हसला. मी त्याला उद्धट ठरवून खाली बसवले.

पुढे विज्ञान दिनाच्या भाषणासाठी महासंगणकांविषयी वाचू लागलो आणि तो नळ पुन्हा समोर उभा राहिला. एकच प्रचंड आकडेमोड अनेक प्रोसेसरांत वाटून एकाच वेळी करणे, याला समांतर संगणन म्हणतात. १९६७ साली जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकन संशोधकाने याची मर्यादा दाखवून दिली. कामाचा दहावा हिस्सा जरी वाटून देता येण्याजोगा नसला, तरी हजार प्रोसेसर लावूनही वेग दहापटीपलीकडे जात नाही. माझ्या विद्यार्थ्याची शंका याच जातीची होती!

वाचकहो, या नळाच्या रांगेशी झुंज देणाऱ्यांत आपली माणसेही आहेत. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली. परदेशी महासंगणक मिळण्यात अडथळे होते. तेव्हा ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडून संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला.

डॉ. नरेंद्र करमरकर तर आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरचे. १९८४ मध्ये त्यांनी मांडलेली गणिती रीत त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. पुढे १९९१ मध्ये, प्रोसेसर आणि स्मृतिकोश यांची जुळणी भूमितीतील बिंदू व रेषा यांच्या नात्याप्रमाणे करावी, म्हणजे परस्परांची वाट अडणार नाही, अशी रचना त्यांनी सुचवली.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डॉ. लक्ष्मीकांत काळे यांनी निराळी युक्ती योजली. कामाचे तुकडे प्रोसेसरांच्या संख्येहून कितीतरी अधिक करायचे आणि काम चालू असतानाच ते भार असलेल्याकडून रिकाम्याकडे सरकवायचे. ‘चार्म प्लस प्लस’ ही त्यांची प्रणाली याच तत्त्वावर चालते. २०१२ चा सिडनी फर्नबाख पुरस्कार त्यांना क्लाउस शुल्टन यांच्यासह मिळाला.

तिघांचे मार्ग वेगळे. परंतु नुसते हात वाढवून काम उरकत नाही, ही जाणीव तिघांच्याही कामामागे दिसते. तीच जाणीव त्या दिवशी माझ्या वर्गात उभी राहिली होती आणि मी तिला खाली बसवले. तो मुलगा पुढे काय झाला, मला ठाऊक नाही. त्याने माझ्या तासाला पुन्हा कधी शंका विचारली नाही, एवढे मात्र आठवते.

आज मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून नव्या शिक्षकांना मी एकच विनंती करतो आणि घरोघरच्या आईवडिलांनाही तीच करावीशी वाटते: उत्तर चुकले तर सुधारावे, पण प्रश्न आडवा आला, तर क्षणभर थांबून तो ऐकावा.