कपाटाएवढी खोली

मैत्रिणींनो, पेटीतला शालू ऊन दाखवून, नव्या डांबरगोळ्या टाकून पुन्हा ठेवायला घेतला की मला हटकून मिस ब्रिल आठवते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या कॅथरीन मॅन्सफील्डने १९२० साली लिहिलेली ही इवलीशी गोष्ट. गोष्टीत घडतं तरी काय? फ्रान्समधल्या एका गावात इंग्रजी शिकवून एकटी राहणारी बाई रविवारी बागेत बँड ऐकायला जाते आणि घरी येते. बस्स!

निघण्यापूर्वी ती पेटीतून फरचा गळपट्टा काढते. त्या जनावराचं तोंड, डोळे, शेपूट सगळं तसंच ठेवलेलं. कसरीची पूड झटकून ती त्याला ब्रश करते, लाडाने गोंजारते. घरात गोंजारायला दुसरं कुणी नाही, हे लेखिका सांगत बसत नाही. ते आपण ओळखायचं.

बागेत तिचा बाक ठरलेला. लक्ष नाही असं दाखवून शेजारच्यांचं बोलणं ऐकण्यात तिचा हातखंडा! इतर बाकांवर दर रविवारी तीच माणसं असतात. म्हातारी, गप्प, जणू अंधाऱ्या खोल्यांतून, नव्हे, कपाटांतूनच बाहेर आलेली. हे तिला बरोबर दिसतं हं. आपणही तशाच बाकावर बसलोय, एवढंच दिसत नाही. उलट तिला वाटतं, ही बाग म्हणजे नाटकाचा रंगमंच आणि आपण त्यातलं एक पात्र. एखाद्या रविवारी आलो नाही तर कुणाच्या तरी ध्यानात येईलच.

मग एक तरुण जोडपं शेजारी येऊन बसतं. हेच नाटकातले नायक-नायिका, म्हणून ती कान देते. आणि कानावर येतं काय? ही म्हातारी इथे येतेच कशाला! पोरगी तर तिच्या फरला तळलेल्या माशाची उपमा देऊन खिदळते.

एरवी परतताना ती बेकरीतून मधाच्या केकचा एक तुकडा घेते. कधी त्यात बदाम निघतो, कधी नाही. निघालाच, तर चहाच्या आधणासाठी काडी ओढतानासुद्धा ऐट! आठवड्याची चैन ती एवढीच. त्या दिवशी ती बेकरीवरून तशीच पुढे जाते, जिना चढते आणि आपल्या अंधाऱ्या खोलीत शिरते. खोली कशी? तर कपाटासारखी.

पहिल्या वाचनात हा शब्द माझ्या नजरेतून निसटला होता. दुसऱ्यांदा वाचताना तांदूळ निवडायचे तसेच राहिले. त्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना लावलेला शब्द लेखिकेने गुपचूप तिच्याच दारात आणून ठेवला होता.

गळपट्टा न बघताच ती पेटीत ठेवते. झाकण लावताना तिला काहीतरी रडल्यासारखं ऐकू येतं. काहीतरी! माझी शेजारीण म्हणते, निदान शेवटी तरी तिला सगळं कळलं. मला नाही बाई तसं वाटत. रडतंय कोण, तर ते पेटीतलं. स्वतःचं रडूसुद्धा तिने पेटीवरच ढकललं. तुम्ही वाचून बघा आणि तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.